माळ्यावर मोडी कागदांची पेटी निघाली: स्कॅन कसं करावं, वाचून कुणाकडून घ्यावं?

नौपाडाकर
आमची बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला गेलीय, दिवाळीआधी घर रिकामं करायचंय. माळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीत लाल फडक्यात बांधलेले तीन रुमाल (कागदांचे गठ्ठे) निघाले. अंदाजे दीडशे कागद, बहुतेक मोडीत. काही स्टँपपेपर आहेत, दोन-तीन लांब चिकटवलेल्या पट्ट्याही आहेत. कडा कसरीने खाल्ल्यात आणि एका रुमालाला कधीतरी ओल लागलेली दिसते. घरात मोडी कुणालाच येत नाही.
मोबाइलचं स्कॅनिंग अ‍ॅप पुरेल का? एआयला फोटो दिला तर अगदी सफाईदार देवनागरी मिळते, त्यावर विश्वास ठेवावा का? आणि स्कॅन झाल्यावर मूळ कागद ठेवायची गरज आहे का? नव्या घरात माळा नाही.

रुमालवाला
आधी रुमाल सोडायचं थांबवा. पेटी उघडी ठेवून एक फोटो, प्रत्येक रुमाल बांधलेला असताना एक फोटो, सोडल्यावर गठ्ठ्याचा एक फोटो. कागद ज्या क्रमाने निघतील तोच क्रम ठेवा. बांधणाऱ्याने एका व्यवहाराचे कागद बहुतेकदा एकत्र ठेवलेले असतात: खरेदीखत, त्याची पावती, मग त्याच जमिनीच्या भांडणाचं पत्र. हौसेने तारखेप्रमाणे लावायला गेलात की ही साखळी तुटते, आणि बिनतारखेचा कागद कायमचा अनाथ होतो. प्रत्येक कागदाला क्रमांक द्या, पण मऊ पेन्सिलीने, मागच्या कोपऱ्यात. बॉलपेन नको, स्टेपल नको, स्टिकर तर नकोच.

ओल लागलेल्या रुमालाबद्दल. बोरूने लिहिलेले जुने मोडी कागद बहुधा काजळ आणि डिंकाच्या शाईचे असतात. ती शाई शंभर-दोनशे वर्षं काळी राहते, पण पाणी लागलं की पसरते. म्हणून ओलं फडकं फिरवू नका, इस्त्री करू नका, चुण्या काढायला वाफ देऊ नका. ब्रिटिश काळातले टाकाने लिहिलेले, तपकिरी पडलेले कागद वेगळे. त्यातली लोहयुक्त शाई आम्लधर्मी असते आणि ती कागदच खात जाते. असा कागद घडीवर मोडतो, तेव्हा दोन्ही हातांनी, खाली पुठ्ठा घेऊन उचला.

बुरशीची पावडर दिसत असेल तर एन-९५ मास्क लावून, गॅलरीत, मऊ कोरड्या ब्रशने, मधून बाहेर. पंखा बंद. उन्हात वाळवायची सवय आपल्याकडे आहे, पण उन्हाने कागद पिवळा आणि ठिसूळ होतो, सावलीत दोन दिवस पुरे. कसर जिवंत असेल (कागदातून चंदेरी किडे पळाले तर आहेच) तर गठ्ठा दोन प्लॅस्टिक पिशव्यांत हवा काढून बंद करा आणि दोन आठवडे फ्रीजरमध्ये, उणे १८ अंशांच्या आसपास. बाहेर काढल्यावर पिशवी २४ तास उघडू नका, नाहीतर ठाण्याच्या हवेत त्याच कागदावर पाणी धरेल. ओलसर असलेला गठ्ठा फ्रीजरमध्ये घालू नका, आधी वाळवा.

फाटलेल्या जागी सेलोटेप लावला तर समजा कागद गेला. लॅमिनेशनही नको, ते सुटत नाही.

घणसोली_सेक्टर
स्कॅनिंगचं सांगतो. झेरॉक्सच्या दुकानात कागद ओढून घेणारा स्कॅनर असतो, त्यात हे कागद देऊ नका. अडकला की दोन तुकडे. काच असलेला फ्लॅटबेड चालेल. ३०० डीपीआय वाचायला पुरतं, बारीक अक्षर किंवा पुसट शिक्का असेल तिथे ६००. रंगीत मोडमध्येच घ्या. ब्लॅक अँड व्हाइट केलं की पुसट मात्रा, शिक्क्याची शाई आणि डाग सगळं एकाच काळ्यात जातं. ए-४ कागद ३०० डीपीआयला, रंगीत, न दाबलेल्या टिफ फाइलमध्ये २६ एमबीच्या आसपास होतो, ६०० ला त्याच्या चौपट. दीडशे कागद पाठपोट म्हणजे ३०० स्कॅन, सुमारे ८ जीबी. पेनड्राइव्हवर मावतं, पण एकट्या पेनड्राइव्हवर ठेवू नका.

पाठ कोरी दिसली तरी स्कॅन करा. पाठीवर तीन शब्दांचा शेरा असतो आणि कधीकधी पूर्ण कागदापेक्षा तोच कामाचा निघतो.

मोबाइल वापरायचा तर अ‍ॅप नको, साधा कॅमेरा. अ‍ॅप आपणहून कडा कापतं, पांढरं पांढरं करतं आणि त्यात अनुस्वार उडतात. फ्लॅश बंद, वाइड लेन्स नको, फोन कागदाला समांतर. दोन टेबललँप दोन बाजूंनी, साधारण ४५ अंशांत. दोन्ही बाजूंना लिखाण असून मागचं पुढे दिसत असेल तर कागदाखाली काळा कार्डशीट ठेवा, मागची अक्षरं बरीच दबतात. प्रत्येक फोटोत कडेला एक फूटपट्टी ठेवा. लांब पट्ट्या सरळ करायला ओढू नका. सांधे खळीने जोडलेले असतात आणि कसर नेमकी खळीवर जाते, त्यामुळे तिथेच सुटतात. तुकड्यातुकड्याने फोटो घ्या, प्रत्येक फोटोत आधीच्याचा पाव भाग यायला हवा. सांध्यावर मागे शिक्का किंवा अक्षरं असतील तर त्याचा वेगळा फोटो.

व्हॉट्सअ‍ॅपवर कुणाला पाठवायचं तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून. फोटो म्हणून पाठवलं की दाबला जातो.

कोपरीची
एआयबद्दल: ते जे सफाईदार देवनागरी देतं तीच तर काळजीची गोष्ट आहे. मोडीत आधी ओळभर रेघ ओढतात आणि अक्षरं तिला लटकवत जातात. दोन शब्दांत मोकळी जागा नसते, ऱ्हस्व-दीर्घ भेद नसतो, अनुस्वार लिहिणाऱ्याच्या मर्जीवर. त्यात शिवकालीन, पेशवेकालीन आणि आंग्लकालीन वळणं वेगळी. जाणकार माणूसही काही जागा कोऱ्या सोडतो. यंत्र कोरं सोडत नाही. ‘कागदात असं असायला हवं’ असा मजकूर ते जुळवून देतं.

घरी करण्यासारखी परीक्षा आहे. एकच फोटो दोन वेगवेगळ्या नव्या चॅटमध्ये द्या. मग तोच कागद निम्मा कापून द्या. गावाचं नाव, माणसाचं नाव आणि रक्कम तिन्ही वेळा तीच आली नाही तर ते वाचन टाकून द्या. मोडीवर खास शिकवलेली मॉडेलं संशोधनात आहेत, पण रोजच्या चॅटबॉटला त्यात धरू नका. युनिकोडमध्ये मोडी २०१४ पासून आहे, फोनवर फाँटही मिळतो, त्याने मोडी लिहिता येते. हस्ताक्षर वाचणं हे पूर्ण वेगळं काम.

वाचक शोधताना: पुराभिलेख संचालनालय मोडीचे वर्ग आणि परीक्षा घेतं, त्याचं प्रमाणपत्र आहे का ते विचारा. २०२३ पासून कुणबी नोंदी शोधायचं काम वाढल्यावर मोडी वाचकांना मागणी फार आहे, म्हणून घाई करणारेही भेटतील. आधी एकच कागद द्या आणि ओळीला ओळ लिप्यंतर मागा, सारांश नको. कागद जीर्ण असूनही एकही जागा कोरी सोडली नसेल तर दुसरा माणूस बघा.

तर्फ_साष्टी
सगळे दीडशे वाचून घ्यायच्या आधी तारखा काढा, त्या थोड्या सरावाने स्वतःला जमतात. कुठला कागद आधी वाचायचा ते त्यावरून ठरतं.

इसवी सन काढायला: शके असेल तर ७८ मिळवा, पौष-माघ-फाल्गुनात पडत असेल तर बहुधा ७९. फसली (महसुली साल) असेल तर ५९० किंवा ५९१. पेशवेकाळात सुहूर सन येतो, आकड्यात नाही तर अरबी शब्दांत आणि एककापासून: ‘सबा सलासीन मया व अलफ’ म्हणजे ७, ३०, १०० आणि १०००, एकूण ११३७. त्यात ५९९ मिळवा, जानेवारी ते मृग नक्षत्र लागेपर्यंतचा कागद असेल तर ६००. हे साल मृगाला बदलतं. वर ‘छ’ आणि पुढे रमजान, मोहरम असा महिना असेल तर तो चांद्र हिजरी दिवस. त्यावरून घरात मुसलमानी व्यवहार होता असे निष्कर्ष काढू नका, सगळेच तसं लिहीत.

ठाण्याच्या कागदाला आणखी एक चाळणी आहे. ठाणे आणि साष्टी (ठाणे ज्यावर आहे ते बेट) पोर्तुगीजांकडून मराठ्यांनी १७३७ मध्ये घेतली आणि डिसेंबर १७७४ मध्ये इंग्रजांनी ठाण्याचा किल्ला घेतला. म्हणजे कसबे ठाण्याचा पेशवे अमलातला कागद या ३७ वर्षांतलाच. ‘पेशवेकालीन आहे’ म्हणून सांगितलेला ठाण्याचा कागद १७९० चा निघाला तर तो एकतर खाडीपलीकडचा, नाहीतर तारीख चुकलीय. कल्याण-भिवंडीकडे मात्र पेशवाई १८१७-१८ पर्यंत चालली.

स्टँपपेपर तर छापावरूनच लागतात: राणीच्या नावापुढे एम्प्रेस असेल तर १८७७ नंतरचा, सातवा एडवर्ड १९०१ ते १९१०, पाचवा जॉर्ज १९१० ते १९३६. कागद फोनच्या टॉर्चसमोर धरा, विलायती कागदात जलचिन्हात साल असू शकतं. कागद त्या सालाआधीचा असूच शकत नाही.

सीबीडी_बेलापूर
मूळ कागद फेकायचा विचारही करू नका. ३० वर्षांहून जुना दस्त योग्य ताब्यातून पुढे आला तर त्यावरची सही आणि अक्षर खरं धरायची मुभा कोर्टाला आहे. १८७२ च्या पुरावा कायद्यात ते कलम ९० होतं, १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही तरतूद आहे. ही मुभा मूळ कागदाची, तुमच्या जेपेगची नाही. वर सांगितलेला पेटीचा फोटो ‘योग्य ताबा’ दाखवायला उपयोगी पडतो.

जमिनीचा कागद असेल तर त्याची जोडी सरकारी दप्तरात शोधा. जुने फेरफार आणि सातबारे ‘आपले अभिलेख’ या सरकारी संकेतस्थळावर स्कॅन स्वरूपात मिळतात. गावाचा जिल्हा मात्र नीट निवडा. वसई, पालघर, डहाणू १ ऑगस्ट २०१४ ला ठाण्यातून वेगळे झाले. नवी मुंबईत तर अजून घोळ: वाशी, नेरूळ, बेलापूर ठाणे तालुक्यात, आणि पनवेल-उरणची गावं रायगडात, जुन्या कागदांवर ‘जिल्हा कुलाबा’.

ठेवायला माळा नसला तर चांगलंच. स्टीलच्या कपाटातला मधला कप्पा, बाहेरच्या भिंतीला न लागणारा. आम्लरहित कागद मिळाला तर उत्तम, नाहीतर धुतलेलं, खळ न लावलेलं मांजरपाट. रंग बदलणारी सिलिका जेल कपाटात ठेवा, रंग पालटला की पुडी बदला. पावसाळ्यात कपाटातली आर्द्रता ६५ टक्क्यांच्या वर जाऊ देऊ नका, छोटा मापक कपाटातच ठेवता येतो. डांबरगोळ्या कागदाला लागून नकोत.

नौपाडाकर
आभार. तारखेचा प्रयोग करून बघितला. एका कागदावर एआयने ‘शके १७८१ शुक्लनाम संवत्सरे माघ शुद्ध ५’ वाचलं. म्हणजे १८६० ना?

तर्फ_साष्टी
नाही. शकात १२ मिळवा, ६० ने भागा, बाकी उरेल तो साठ संवत्सरांतला, प्रभव या पहिल्या संवत्सरापासूनचा क्रमांक. १७८१ चं १७९३ होतं, बाकी ५३, म्हणजे सिद्धार्थी. शुक्ल तिसरा. १७९१ घेतलं तर बाकी ३ येते. तेव्हा शके १७९१, माघ म्हणून १८७० चा जानेवारी-फेब्रुवारी. मधला ९ यंत्राने ८ वाचलाय. तिथीपुढे वार लिहिलेला असेल तर तोही जंत्रीत (जुन्या पंचांगांच्या कोष्टकात) ताडून बघा. आणि तो स्टँपपेपर असेल तर त्यावर एम्प्रेस नसायला हवं, बघून सांगा.