रात्रीच्या बॅकअप स्क्रिप्टचा पासवर्ड: ६०० परवानगीची फाइल पुरे, की तिजोरीच हवी?

बर्डी_डीबीए

माझं मत आधी मांडतो, मग खोडून काढा. रामदासपेठेतला २० खाटांचा दवाखाना, कळमन्यातला अडत्या, एखादी शाळा. यांच्याकडे सहसा एकच लिनक्स सर्व्हर असतो, त्यावर पोस्टग्रेस किंवा मायएसक्यूएल डेटाबेस, आणि रात्री २ वाजता क्रॉनमधून (ठरल्या वेळी कामं चालवणारी लिनक्सची सोय) चालणारी बॅकअप स्क्रिप्ट. अशा जागी पासवर्ड ठेवायला व्हॉल्टसारखी वेगळी तिजोरी, म्हणजे पासवर्ड सांभाळणारं स्वतंत्र सॉफ्टवेअर, उभी करू नये. पोस्टग्रेसला डॉट पीजीपास, मायएसक्यूएलला डॉट माय डॉट सीएनएफ ही पासवर्डाची फाइल, तिला परवानगी ६०० (फक्त मालकच वाचू-लिहू शकेल अशी), आणि बॅकअपपुरता वेगळा वापरकर्ता. हे नीट केलं की काम झालं.

घोळ होतो तो 'नीट' या शब्दात. पासवर्ड क्रॉनटॅबच्या (क्रॉनच्या कामांच्या यादीच्या) ओळीत कधीही नको. मायएसक्यूएलचा क्लायंट सुरू होताच आपल्या आर्ग्युमेंटमधला (कमांडसोबत लिहिलेल्या मजकुरातला) पासवर्ड पुसून टाकतो, त्यामुळे लोक निर्धास्त असतात. पण क्रॉन ती ओळ आधी शेलच्या (कमांड चालवणाऱ्या प्रोग्रामच्या) हातात देतो, आणि पुढे फाइल दाबून लहान करणाऱ्या जीझिपकडे पाइप (एका कमांडचा निकाल दुसरीला देणारी जोडणी) असेल तर ते शेल डंप, म्हणजे डेटाबेसची प्रत काढणं, संपेपर्यंत जिवंत राहतं. त्याच्या आर्ग्युमेंटमध्ये अख्खी ओळ जशीच्या तशी असते. डंपला ४० मिनिटं लागत असतील तर ४० मिनिटं त्या मशीनवरचा कोणीही चालू कामं दाखवणारी पीएस कमांड देऊन पासवर्ड वाचू शकतो. वर क्रॉन चालवलेली प्रत्येक ओळ सिस्टिम लॉगमध्ये नोंदवतो. म्हणजे रोज रात्री एक नवी प्रत.

पीजीपासची ओळ अशी असते:

लोकलहोस्ट:५४३२:दवाखाना:बॅकअप_वाचक:पासवर्ड

यात होस्ट अक्षरशः जुळावा लागतो. फाइलमध्ये लोकलहोस्ट आणि स्क्रिप्टमध्ये १२७.०.०.१ असेल तर ओळ लागू होत नाही. पासवर्डमध्ये अपूर्णविराम किंवा उलटी तिरकी रेघ असेल तर तिच्याआधी आणखी एक उलटी तिरकी रेघ हवी. परवानगी ६०० पेक्षा सैल असेल तर पोस्टग्रेस एक इशारा देतो आणि फाइल वाचतच नाही. पीजी_डंपला (पोस्टग्रेसच्या डंप कमांडला) 'पासवर्ड विचारू नकोस' हा पर्याय, म्हणजे एक डॅश आणि लहान डब्ल्यू, जरूर द्या. मग पासवर्ड सापडला नाही तर स्क्रिप्ट विचारत बसत नाही, लगेच चूक दाखवून थांबते.

मिहान_सुरक्षा

क्रॉनटॅबबद्दल शंभर टक्के सहमत. बाकी नाही. ६०० ही परवानगी चालू मशीनपुरती असते. डिस्क काढून दुसऱ्या मशीनला लावली की तिला काही अर्थ उरत नाही. व्हर्च्युअल मशीनचा स्नॅपशॉट (त्या क्षणाची अख्खी प्रत), होम फोल्डरचा बॅकअप, जुना सर्व्हर विकताना आत राहिलेली डिस्क, या सगळ्यांत ती फाइल उघड्या अक्षरांत जाते. आणि स्क्रिप्टसोबत ती चुकून गिटमध्ये (कोडच्या सगळ्या आवृत्त्या जपणाऱ्या प्रणालीत) गेली की नंतर काढली तरी इतिहासात राहतेच. तेव्हा पासवर्ड आधी बदलायचा, इतिहास मागाहून साफ करायचा. बरेच जण हा क्रम उलटा लावतात.

मायएसक्यूएलच्या कॉन्फिग एडिटरने बनवलेल्या 'मायलॉगिन' फाइलवरही विसंबू नका. ती झाकलेली दिसते, पण उघडायची किल्ली त्याच फाइलमध्ये असते. खांद्यावरून डोकावणाऱ्यापासून बचाव, बस.

व्हॉल्टचा खरा फायदा वेगळाच आहे. तो स्क्रिप्टला तासाभराचा नवा वापरकर्ता बनवून देतो आणि मुदत संपली की काढून टाकतो. चोरलेला पासवर्ड सकाळपर्यंत निरुपयोगी झालेला असतो. फाइलमधला पासवर्ड मात्र वर्षानुवर्षं तोच.

इतवारी_टर्मिनल

भाऊ, तो व्हॉल्ट उघडायला जे टोकन लागते ते कुठी ठेवाल? फाइलमध्येच ना? मग तिले पण ६००च परवानगी द्या. प्रश्न एक पायरी मागं सरकला, मिटला नाही.

अन् मे महिन्यातलं आपलं नागपूर डोळ्यापुढं आणा. लाइट गेली, यूपीएस उतरला, अर्ध्या तासानं सर्व्हर परत उठला. व्हॉल्ट रीस्टार्टनंतर सीलबंद उठते. नेहमीची मांडणी असेल तर ५ पैकी ३ किल्ल्या टाकल्याशिवाय उघडत नाही. दवाखान्यात रात्री २ वाजता तीन किल्लीवाले कोण येऊन राहिले? क्लाउडची किल्ली लावून आपोआप उघडता येते, मान्य. पण लाइट जाते तेव्हा इंटरनेटचा राउटरही त्याच यूपीएसवर असते.

आता माहं म्हणणं. डेटाबेस अन् स्क्रिप्ट एकाच मशीनवर असतील तर पासवर्ड काहून पाहिजे? पोस्टग्रेसची पीअर पद्धत वापरा, ती लिनक्सचा वापरकर्ता पाहूनच आत घेते. लिनक्सवर 'बॅकअप_वाचक' नावाचा वापरकर्ता, डेटाबेसमध्ये त्याच नावाचा रोल (खातं), अन् कोणाले कसं आत घ्यायचं ते ठरवणाऱ्या पीजी_एचबीए फाइलमध्ये 'लोकल, दवाखाना, बॅकअप_वाचक, पीअर' अशी ओळ. ही ओळ 'लोकल, ऑल, ऑल' च्या वर पाहिजे, कारण जी पहिली जुळते तीच चालते. खाली टाकली अन् वरची ओळ पासवर्डाची असेल तर पासवर्डच मागत बसते अन् माणूस तासभर डोकं खाजवते. रीस्टार्ट नको, रीलोड पुरे. कमांडमध्ये होस्ट देऊ नका. लोकलहोस्ट लिहिलं की कनेक्शन टीसीपीनं (नेटवर्कच्या वाटेनं) जाते, सॉकेटनं (मशीनमधल्या थेट वाटेनं) नाही, अन् पीअर लागू होत नाही. मारियाडीबीत युनिक्स_सॉकेट, मायएसक्यूएलमध्ये ऑथ_सॉकेट, काम तेच. जो पासवर्ड नाहीच, तो चोरणार कसा?

मिहान_सुरक्षा

पीअरचा मुद्दा मान्य, आणि तो माझ्याकडून आधी यायला हवा होता. एका मशीनसाठी त्याहून चांगलं उत्तर नाही. मात्र ते एका मशीनपुरतंच. डेटाबेस दुसऱ्या मशीनवर गेला की पासवर्ड परत आला.

तिथेही उघडी फाइल आणि व्हॉल्ट यांच्या मधली एक वाट आहे. लिनक्सवरच्या सेवा चालवणाऱ्या सिस्टिमडीच्या २५० व्या आवृत्तीपासून पासवर्ड एन्क्रिप्ट करून त्याची किल्ली मदरबोर्डवरच्या टीपीएम या सुरक्षा चिपशी बांधता येते. क्रॉनऐवजी सिस्टिमडीचा टायमर लावायचा. सेवा सुरू होताना पासवर्ड फक्त तिलाच दिसेल अशा फोल्डरमध्ये उघडतो, सेवा संपली की जातो. डिस्क चोरीला गेली तर चिप नसल्यामुळे फाइल उघडत नाही. इंटरनेट लागत नाही, रात्री किल्लीवालेही लागत नाहीत. मदरबोर्ड बदलला तर मात्र पासवर्ड पुन्हा भरावा लागतो, तेव्हा तो कागदावर लिहून मालकाच्या लोखंडी कपाटात असू द्या.

गोधनी_बॅकएंड

तुमचा सगळ्यांचा वाद 'ठेवायचा कुठे' यावर चाललाय. माझ्या मते त्याहून मोठं नुकसान पासवर्ड बदलताना होतं, म्हणून 'दर ३० दिवसांनी बदला' या नियमाला माझा लहान कार्यालयांत विरोध आहे.

काय होतं ते बघा. पासवर्ड बदलला, चारपैकी तीन स्क्रिप्टमध्ये नवा टाकला, चौथी राहिली. चौथीत डंपचा निकाल जीझिपकडे पाइप होतो. डंप लॉगिन न झाल्यामुळे पडतो, पण जीझिप रिकामा इनपुटही आनंदाने दाबतो आणि यश कळवतो. शेल शेवटच्या कमांडचा निकाल धरतं, म्हणजे सगळं ठीक. फोल्डरमध्ये रोज तारखेसह नवी फाइल पडते, आकार २० बाइट. जुन्या फाइली १५ दिवसांनी पुसणारी ओळ असेल तर सोळाव्या दिवशी तुमच्याकडे एकही बॅकअप नसतो. म्हणून स्क्रिप्टच्या वरच्याच ओळीत पाइपफेल (पाइपमधली एकही कमांड पडली तर अपयश धरणारा पर्याय) लावा, आणि शेवटी फाइलचा आकार तपासा: कालच्या निम्म्याहून कमी भरला तर जुनं काहीही पुसू नका.

बदलायचाच असेल तर दोन्ही पासवर्ड काही दिवस सोबत चालू द्या. मायएसक्यूएल ८.०.१४ पासून जुना पासवर्ड राखून नवा देता येतो. सगळ्या स्क्रिप्ट नव्यावर आल्या की जुना टाकून द्यायचा. पोस्टग्रेसमध्ये ही सोय नाही, तिथे दोन रोल आलटून पालटून वापरा. आणि नवा पासवर्ड अल्टर कमांडमध्ये थेट लिहू नका. सर्व्हरवर स्टेटमेंट लॉगिंग (दिलेल्या आज्ञांची नोंद) चालू असेल तर तो लॉगमध्ये उघडा पडतो. पीएसक्यूएलमधली (पोस्टग्रेसच्या क्लायंटमधली) पासवर्ड बदलायची स्वतःची कमांड त्याचा हॅश (मूळ पासवर्ड न दाखवणारं रूप) करूनच पाठवते.

बर्डी_डीबीए

गोधनी, विरोध पटला नाही. स्क्रिप्ट तुटते म्हणून बदलायचं नाही, तर नोकरी सोडून गेलेल्या माणसाला तो पासवर्ड माहीत असतो त्याचं काय? ३० दिवसांचा हट्ट माझाही नाही. माणूस गेला की त्याच दिवशी, एवढा नियम मात्र हवाच. पाइपफेलची ओळ आजच सगळीकडे टाकावी, तिथे दुमत नाही.

सगळ्यांनाच एक विचारतो. तो पासवर्ड काय काय करू शकतो, हे कोणी पाहिलं का? लहान कार्यालयांत स्क्रिप्ट रूट किंवा पोस्टग्रेस या मालक खात्यानेच चालते. पोस्टग्रेस १४ पासून 'पीजी_रीड_ऑल_डेटा' हा तयार रोल आहे. बॅकअप_वाचकाला तो दिला की वाचता सगळं येतं, पुसता काही येत नाही. मायएसक्यूएलमध्ये सिलेक्ट, शो व्ह्यू, ट्रिगर, इव्हेंट एवढे हक्क द्या आणि डंपला सिंगल ट्रान्झॅक्शन आणि नो टेबलस्पेसेस हे दोन पर्याय द्या, म्हणजे लॉक आणि प्रोसेस हे हक्क लागत नाहीत. प्रत्येक स्क्रिप्टला वेगळा वापरकर्ता असला की लॉगमध्ये कोणी काय केलं तेही कळतं. सर्ट-इन या केंद्राच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांप्रमाणे सायबर घटना कळल्यापासून ६ तासांत कळवायची असते आणि १८० दिवसांचे लॉग जपायचे असतात. सगळीकडे 'रूट'च दिसत असेल तर त्या ६ तासांत सांगणार काय?

मिहान_सुरक्षा

वाचणारा वापरकर्ता पुसू शकत नाही, खरं. पण दवाखान्याच्या बाबतीत वाचणं हेच नुकसान आहे. रुग्णाचं नाव, आजार, फोन. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात सुरक्षेत कसूर झाल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. 'फक्त वाचतो' म्हणून त्या पासवर्डाला दुय्यम लेखू नका.

इतवारी_टर्मिनल

मिहानभाऊ, मग तोच हिशेब त्या डंपलेही लावा. राजेहो, पासवर्डाची फाइल ६००, अन् डंपची? यूमास्क (नव्या फाइलची परवानगी ठरवणारी सेटिंग) ०२२ असते, म्हणून फाइल ६४४ नं, म्हणजे सगळ्यांले वाचता येईल अशी, पडते. सगळे रुग्ण त्याच फाइलमध्ये, अन् कोणीही वाचावी. पासवर्ड पाहिजेच कोणाले? स्क्रिप्टमध्ये डंपच्या आधी यूमास्क ०७७ टाका. अन् डंप पाइपमध्येच, डिस्कवर पडायच्या आधी, जीपीजी या एन्क्रिप्शनच्या सॉफ्टवेअरच्या सार्वजनिक किल्लीनं कुलूपबंद करा, ते उघडते फक्त जोडीच्या खासगी किल्लीनं. खासगी किल्ली त्या सर्व्हरवर ठेवूच नका, दोन पेनड्राइव्हवर दोन जागी ठेवा. सार्वजनिक किल्ली चोरीले गेली तरी काही बिघडत नाही. अन् महिन्यातून एकदा त्या पेनड्राइव्हनं एक डंप दुसऱ्या मशीनवर उघडून, रिस्टोर करून पाहा.