प्रोग्रेसिव्ह, इंटरलेस्ड, रेझोल्यूशन : मराठीत काय म्हणायचं?

लग्नशूटर : कोल्हापुरात राजारामपुरीत व्हिडिओ शूटिंग शिकवतो. पोरांसाठी टिपणं काढतोय, '१०८०आय' (इंटरलेस्ड) आणि '१०८०पी' (प्रोग्रेसिव्ह) यांपाशी अडलोय. एकानं अनुवादात 'पी'ला चक्क 'पुरोगामी' केलंय!

तांबडापांढरा : शाहूनगरीत तेच चालणार की!

निवृत्त मास्तर : 'पी'ला 'सलग' म्हणा, त्यात ओळी एकामागून एक येतात. 'आय'मध्ये फ्रेमच्या, म्हणजे एका चित्राच्या, विषम ओळी आधी येतात, मग सम. म्हणून तो 'आडओळी'. रेझोल्यूशनला 'विभेदन' हा रूढ शब्द आहेच.

लग्नशूटर : विभेदन म्हटलं तर पोरं उठून जातील, सर. शिवाय १९२० × १०८० ही नुसती बिंदूंची मोजणी. लेन्स भिकार असली तर तेवढ्या बिंदूंतही शालूच्या जरीची तार सुटी दिसत नाही. विभेदन ते, सुटं दिसणं.

तांबडापांढरा : आणि १०८० ही उंची, फोर-के मात्र रुंदी. टीव्हीवर तीही ३८४०च, म्हणजे चार हजार भरतच नाहीत. आधी ही मापं सरळ करा, मग बारसं.

रंकाळ्याकाठी : खासबागेतली कुस्ती 'आय'मध्ये काढून बघा. पैलवान पटात झपकन घुसला की हाताच्या कडेला कंगव्याचे दात उमटतात. सम ओळी विषम ओळींच्या १/५० सेकंद मागनं टिपलेल्या, तेवढ्यात हात पुढं गेलेला. ५०पीत (सेकंदाला ५० सलग फ्रेम) दात नाहीत. 'दातेरी' म्हणा, पोरं जन्मात विसरणार नाहीत.

निवृत्त मास्तर : तो दोष झाला, नाव नव्हे. फ्रेम रेटला (सेकंदाला किती फ्रेम) 'चौकटगती' ठेवा.

तांबडापांढरा : चौकट दाराला असते, मास्तर.

लग्नशूटर : कार्यालयात ट्यूबलाइटखाली ३० फ्रेमला पडद्यावर पट्टे सरकतात. वीज ५० हर्ट्झची. २५ फ्रेम, शटर १/५० सेकंद ठेवलं की गायब. हे सांगताना 'चौकटगती' तोंडात बसत नाही.

रंकाळ्याकाठी : बाबूराव पेंटरांनी 'सैरंध्री' (१९२०) स्वतः बनवलेल्या कॅमेऱ्यानं काढला. त्या काळी हँडल हातानं फिरवायचं. हात सावकाश चालला की पडद्यावर माणसं पळत सुटायची. फ्रेम रेट म्हणजे 'हातचाल'!

निवृत्त मास्तर : आता हात कुठं चालतो? आणि 'बोलपट' ऐकूनही लोक पहिल्यांदा हसलेच असतील.

रंकाळ्याकाठी : बोलपट छापायला. आमची आजी 'शिणिमा'च म्हणायची.

तांबडापांढरा : आमच्यात 'पिक्चर'. बोलपट फक्त मास्तरांच्या घरात.