चार वर्षं नगरसेवक नव्हते, नक्की काय अडलं आपलं?

कट्ट्यावरचा अण्णा
१५ जानेवारी २०२६ ला मतदान करून आलो. चार बटणं दाबली, बोटावर मार्करची रेघ ओढून घेतली आणि घरी चहा पिताना डोक्यात किडा वळवळायला लागला. पुणे महापालिकेची मुदत मार्च २०२२ ला संपली, तेव्हापासून जवळपास चार वर्षं एकही नगरसेवक नव्हता, सगळा कारभार प्रशासकाकडे, म्हणजे आयुक्ताकडेच. काय अडलं? कचऱ्याची गाडी येत होती, सिंहगड रोडचा पूल झाला, मेट्रो स्वारगेटला पोचली (मेट्रो महापालिकेची नाही हे माहितीये, लगेच अंगावर येऊ नका). उलट नवीन बाकड्यांवर कोणाची नावं नाहीत, चौकाचौकात 'संकल्पना : अमुक तमुक' नाही. मला तर वाटतं नगरसेवक ही महागडी हौस आहे. आता १६५ जण आलेत, सांभाळा.

बसवाली
अण्णा तुम्ही टू व्हीलरवाले दिसताय. १ जून २०२५ ला पीएमपी बसचं तिकीट वाढलं ते आठवतंय? पाचचं कमीत कमी तिकीट एका रात्रीत दहा झालं, महिन्याचा पास ९०० चा १५००. त्या कंपनीच्या संचालक मंडळात पुणे आणि पिंपरी-चिंचवड दोन्ही पालिकांचे महापौर, स्थायी समितीचे अध्यक्ष असतात, त्या वेळी यातलं कोणीच नव्हतं, सगळे अधिकारी. लोकांना तोंड दाखवायचं असतं तर कोणीतरी निदान खोटं खोटं तरी भांडलं असतं ना

कट्ट्यावरचा अण्णा
खोटं खोटं भांडणारच, बरोबर बोललात. भांडून झालं की तिकीट वाढणारच होतं, डिझेल-सीएनजी काय फुकट येतं का. मग नाटकाचा खर्च कशाला?

रिटायर्ड फाईल
नाटक नाहीये ते. आयुक्त प्रस्ताव ठेवतो, स्थायी समिती बघते, मग मुख्य सभा. प्रशासक काळात स्थायीही तोच, मुख्य सभाही तोच. म्हणजे स्वतःच अर्ज करायचा, स्वतःच शिक्का मारायचा. अशात तीन आयुक्त झाले, प्रत्येकाने आधीच्याच्या फाईली नव्याने वाचल्या. आणि घटनेत स्वच्छ लिहिलंय की मुदत संपायच्या आत निवडणूक व्हायला पाहिजे. इथे आधी ओबीसी आरक्षण, मग एका प्रभागात नगरसेवक तीन की चार, शेवटी मे २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने कान पिळला तेव्हा कुठे गाडी हलली. काम झालं की नाही हा वेगळा विषय, पण विचारायचं कोणाला?

नांदेडगावची सून
विचारायचं कोणाला ते आम्हाला विचारा!! जानेवारी २०२५, जीबीएस, तो हातपाय लुळे पाडणारा नसांचा आजार. आमच्या खालच्या मजल्यावरचे काका सकाळी दूध आणायला निघाले तर डाव्या पायातली चप्पल सारखी निसटत होती, त्यांना वाटलं चप्पल सैल झाली. संध्याकाळी जिना चढवेना. तेव्हा सिंहगड रोड पट्ट्यातलेच पेशंट सगळ्यात जास्त, राज्यात संशयित रुग्ण दोनशेच्या वर गेले. नांदेड, किरकटवाडी, धायरीला जे पाणी येत होतं ते विहिरीतून, शुद्धीकरण केंद्राचं तोंडही न बघितलेलं, नुसती ब्लीचिंग पावडर टाकून. पेशंटच्या तपासणीत कॅम्पिलोबॅक्टर नावाचा जंतू सापडला मग सगळे धावले. टॅक्स मात्र आमचा ग्रामपंचायतीपेक्षा कितीतरी जास्त.

कट्ट्यावरचा अण्णा
वाईट वाटलं वाचून, खरंच. पण ताई, ११ गावं २०१७ ला महापालिकेत आली, तेव्हा तर नगरसेवक होते की. त्यात तुमच्या शेजारची धायरी पण होती. पाच वर्षांत त्यांनी तरी शुद्ध पाणी दिलं का? मग हा प्रशासकाचा दोष कसा?

नांदेडगावची सून
आमचं गाव २०२१ च्या २३ गावांमधलं, जूनअखेर आत घेतलं. पुढच्या मार्चला तुमची मुदत संपली. म्हणजे सरपंच गेला आणि नगरसेवक आलाच नाही, मधली चार वर्षं आम्ही कोणाचेच नव्हतो. सरपंचाच्या दारात निदान रिकामी कळशी घेऊन जाता यायचं. प्रशासकाच्या दारात सिक्युरिटीवाला विचारतो काय काम आहे.

टँकर सोसायटी
+१ ताईंना. यात अजून एक गंमत, या २३ गावांत बांधकामाची परवानगी पीएमआरडीए (पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण) देणार आणि पाणी द्यायचं महापालिकेने. आमच्या बिल्डरने लिहून दिलेलं होतं की पालिकेचं पाणी येईपर्यंत पाणी मी देईन, सोसायटी ताब्यात दिली आणि गायब. पार्किंगमध्ये वहीत टँकरची नोंद करायचा नंबर माझा असतो, गेल्या मे मध्ये एका दिवसात अकरा टँकर लिहिलेत मी, शेवटच्याचं पाणी पिवळट होतं तरी घेतलं कारण वरची टाकी कोरडी. पण अण्णांचंही थोडं पटतं, आता चार चार निवडून आलेत, एकाला फोन केला तर म्हणाला तुमची लाईन प्रभागातल्या 'ब' जागेवाले बघतात. प्रभाग काय बोर्डाचा पेपर आहे का, तुम्ही अ सोडवा मी ब सोडवतो

रिटायर्ड फाईल
म्हणून मी पहिल्यापासून एकसदस्यीय प्रभागाच्या बाजूने आहे. चौघांत कामाचं श्रेय चौघं घेतात, गटाराचं झाकण कोणाचंच नाही.

कट्ट्यावरचा अण्णा
चारचा प्रभाग मूर्खपणा आहे यावर आपलं एकमत, नोंद करून ठेवा, पुण्यात असं कमी होतं. 'काही अडलं नाही' हे मी कोथरूडसारख्या सोयीच्या भागात बसून बोललो, तेवढं मागे घेतो. बाकडी आणि फ्लेक्सचं अजिबात मागे घेत नाही, निकालानंतर दोन दिवसांत आमच्या कोपऱ्यावर तीन अभिनंदनाचे लागलेत. ताई, ते काका आता कसे आहेत?

नांदेडगावची सून
चालतात. हळू. मागे पट्टा असलेली सँडल घेतलीये, आणि दूध आता त्यांचा नातू आणतो.