कझुंगुला की व्हिक्टोरिया फॉल्सचा पूल? परवा निघायचंय, लवकर सांगा

धुळवाट
झांबियातल्या लिव्हिंगस्टनहून बोट्सवानातलं चोबे अभयारण्य, तिथून झिम्बाब्वेतून वळसा घालून परत लिव्हिंगस्टन. आधी कझुंगुला पुलाने बोट्सवानात जावं की व्हिक्टोरिया फॉल्सच्या पुलावरून झिम्बाब्वेत शिरावं? काझा व्हिसा (झांबिया-झिम्बाब्वेचा सामायिक) आहे, गाडी आहे. वेळ कुठे कमी जातो एवढंच हवंय.

नाकेदार
गाडी कुणाची? नंबरप्लेट कुठल्या देशाची? चोबेत मुक्काम आहे का? हे कळल्याशिवाय नाका कसा सुचवणार?

पाचवा गिअर
कझुंगुला, डोळे मिटून. मे 2021मध्ये पूल सुरू झाला आणि फेरीबोटीची कटकट संपली. एकथांबा नाका आहे. पूल ओलांडून पलीकडच्या इमारतीत जायचं, तिथेच आधी झांबियाचा बाहेर पडल्याचा शिक्का, मग बोट्सवानाचा प्रवेशाचा. अलीकडे शिक्का मारला नाही म्हणून घाबरून मागे फिरू नका. पण पलीकडे दोन्ही खिडक्या झाल्याशिवाय गाडी हलवू नका. पहिली खिडकी चुकून राहिली तर परतताना अडकाल. व्हिक्टोरिया फॉल्सला दोन टोकांना दोन नाकी, म्हणजे दोनदा रांग.

धुळवाट
गाडी भाड्याची, झांबियाची प्लेट. चोबेत 2 रात्री. पण मी वेळेचं विचारलंय.

नाकेदार
वेळ नंतर, आधी व्हिसा बघा. काझा झांबिया आणि झिम्बाब्वे मिळून 30 दिवस चालतो. बोट्सवानात त्यावर फक्त कझुंगुलामार्गे दिवसाची फेरी करता येते. रात्र काढलीत की तो संपला. म्हणजे चोबेहून झिम्बाब्वेत शिरताना नवा व्हिसा. तिथे पुन्हा काझाच मागा (50 डॉलर, नोटा सुट्या ठेवा), तोच पुढे लिव्हिंगस्टनलाही चालेल. झिम्बाब्वेचा एकेरी (एकाच प्रवेशाचा) व्हिसा घेतलात तर झांबियात परत पैसे भरावे लागतील. त्यापेक्षा क्रम उलटा करा: आताच्या काझावर आधी झिम्बाब्वे, चोबे शेवटी. मग कझुंगुला पुलावरून परतताना झांबियाचा एकेरी पुरतो.

कंपास
सगळ्यात उत्तम म्हणजे कार्ने, गाडी तात्पुरती परदेशात नेण्याचं सीमाशुल्काचं पुस्तक. प्रत्येक पानाचे तीन भाग: प्रवेशाच्या वेळी एक फाडून घेतात, बाहेर पडताना दुसरा, आणि तिसऱ्यावर दोन्ही शिक्के उरतात. वर्षभर चालतं, दर नाक्यावर नवा परवाना नको.

पाचवा गिअर
परवा निघणाऱ्याला कार्ने? त्यासाठी तारण ठेवावं लागतं, आणि ही गाडी त्यांची नाहीच. इथे नाक्यावरचा तात्पुरता आयात परवाना पुरतो.

कंपास
परवाना पुरतो, पण लोक तो बाहेर पडताना जमा करायला विसरतात. मग कागदोपत्री गाडी देशातच राहते आणि कर मागितला जातो.

पाचवा गिअर
मान्य. पण कार्नेवर बाहेर पडल्याचा शिक्का राहिला तरी तारण अडकतंच की. शिक्का बघितल्याशिवाय खिडकी सोडायची नाही, कागद कुठलाही असो.

शेवंती
पिवळ्या तापाची लस राहू देऊ नका! दाखला टोचल्यानंतर 10व्या दिवसापासून ग्राह्य धरतात आणि जुलै 2016पासून तो आयुष्यभर चालतो. आणि बोट्सवानात गुरांच्या लाळ्या-खुरकत रोगामुळे कच्चं मांस काढून घेतात, बूट औषधी पाण्यात बुडवायला लावतात.

नाकेदार
शेवंतीताई, माहिती चांगली आहे, पण लसीचं कुणी विचारलं नव्हतं. धुळवाट, भाड्याची गाडी सीमेपार न्यायला कंपनीने दिलेलं परवानगीपत्र काढून बघा. त्यात चालकाचं नाव, पासपोर्ट क्रमांक, चेसिस आणि इंजिन क्रमांक, तारखा आणि प्रत्येक देशाचं नाव हवं. विमाही तपासा: कोमेसा या आफ्रिकी व्यापारगटाचं यलो कार्ड (सामायिक वाहनविमा) झिम्बाब्वेत चालतं, बोट्सवानात नाही. बोट्सवानाचा विमा आणि रस्ता-परवाना नाक्यावर घ्यावा लागतो. दोन लाल त्रिकोण आणि अग्निशामक गाडीत आहेत ना?

धुळवाट
त्रिकोण आहेत. पत्रात फक्त बोट्सवाना लिहिलंय.

नाकेदार
मग उद्या सकाळी कंपनीकडून झिम्बाब्वे घालून नवं पत्र घ्या, सहीशिक्क्यासकट; हाताने खाडाखोड केलेलं नको. नाही मिळालं तर वळसा सोडा. जाणं-येणं दोन्ही कझुंगुला पुलाने, आणि येताना झांबियाच्या व्हिसाचे पैसे वेगळे काढून ठेवा.

धुळवाट
सकाळी फोन करतो. पत्रावर चेसिस क्रमांकही दिसत नाहीये, तोही घालून घेतो.