स्वीडनमध्ये ऑफिसातल्या फिकाला रोज जायलाच पाहिजे का?

सातारी_गोथेनबर्ग:
नमस्कार मंडळी, नोकरीसाठी गोथेनबर्गला येऊन तीन आठवडे झाले. इथे सकाळी साडेनऊला आणि दुपारी तीनला अख्खी टीम उठून किचनमध्ये जाते, कॉफी आणि काहीतरी गोड, त्याला फिका म्हणतात. मी दोन आठवडे गेलोच नाही, म्हटलं नवा माणूस सारखा उठून कॉफी प्यायला लागला तर बरं दिसणार नाही. काल मॅनेजरने बाजूला घेऊन विचारलं, आमच्यात करमत नाही का तुला? रात्रभर डोक्यात तेच. त्यात मी चहावाला, अंडं खात नाही, आणि शुक्रवारी टीममधल्या एकीने बाहेर कॅफेत बोलावलंय, तर बिल कोणी द्यायचं?

अकरावा_हिवाळा:
जा रे, उद्यापासूनच जा. आपल्याला वाटतं जागेवर बसून राहिलं की मेहनती दिसतो, इथे ते फटकून वागल्यासारखं वाटतं. ही माणसं लिफ्टमध्ये बोलत नाहीत, बसमध्ये शेजारी बसत नाहीत, जे काय बोलायचं ते फिकाला बोलतात. साहेबसुद्धा त्याच टेबलाला बसतो आणि स्वतःचा कप स्वतः डिशवॉशरमध्ये ठेवतो. विषय म्हणजे मुलं, हवा, सुट्टीतलं गावाकडचं घर, आणि आता सीझन आहे तर जंगलातले मश्रूम (फक्त नेमके कुठे मिळाले ते विचारू नकोस, ती जागा कोणी सांगत नाही). शब्दही गमतीचा आहे, कॉफीला जुना शब्द काफ्फी, 19व्या शतकात तो उलटा करून फिका झाला.

बिलाचं म्हणशील तर ज्याचं त्याने काउंटरवर द्यायचं. आग्रह करू नकोस, समोरच्याला उगाच ओझं होतं. साध्या फिल्टर कॉफीचा दुसरा कप बऱ्याच ठिकाणी फुकट किंवा स्वस्तात असतो, त्याला पोतोर म्हणतात.

उप्सालाची_आई:
अंड्याचं मी सांगते. दालचिनीचा बन, कनेलबुल्ले, त्याच्या पिठात नसलं तरी वरून बहुतेक अंड्याचा हात फिरवलेला असतो, त्यामुळे विचारून घे, किंवा सरळ वेगान्स्क, म्हणजे व्हीगन, माग. चोक्लादबोल बिनधास्त खा, ओट्स, लोणी, साखर, कोको आणि वरून खोबरं, भाजायचं नाही की काही नाही, आपला लाडूच. आणि वेलदोड्याचा बन मिळतो, कार्देमुम्माबुल्ले. पहिल्या हिवाळ्यात बेकरीच्या दारात तो वास आला आणि मला आईची दिवाळी आठवून रडू आलं होतं. तो मात्र अंड्याचं विचारूनच घे हं. चहा प्यायलास तरी कोणी काही म्हणत नाही, बसणं महत्त्वाचं.

डेक्कनवरून_माल्मो:
थोडं वेगळं मत. दोन्ही वेळा जायलाच पाहिजे असं नाही, मला मुलीला पाळणाघरातून आणायचं असतं म्हणून मी तीनचा सोडतो, सांगून सोडतो, कोणाला राग नाही. पण सकाळचा चुकवत नाही. पुण्यात वैशालीत आम्ही एका फिल्टर कॉफीवर दोन दोन तास बसायचो, मग इथे पंधरा मिनिटं बसायला मला जड का जात होतं ते अजून कळलेलं नाही. आणि हो, टीममध्ये खाऊ आणायची पाळी असते का बघ, भिंतीवर यादी लावलेली असते.

सातारी_गोथेनबर्ग:
सगळ्यांचे मनापासून आभार. आज सकाळी गेलो, चहा घेऊन बसलो. यादी आहे खरंच, पुढच्या गुरुवारी माझं नाव लिहून आलोय. बिनअंड्याची नानकटाई इथल्या ओव्हनमध्ये किती डिग्रीवर करायची, कोणी सांगेल का?