कॅमल हे अधिकृत नाव नव्हतंच

पहिल्या महायुद्धातल्या सॉपविथ कॅमल या ब्रिटिश लढाऊ विमानाबद्दल कुणीतरी म्हटलंय की कॅमल हे कंपनीनेच ठेवलेलं नाव, तर तसं नाहीये, कागदोपत्री ते एफ-१ होतं. पुढच्या दोन व्हिकर्स मशीनगनवर जे पत्र्याचं झाकण होतं ते उंटाच्या वशिंडासारखं दिसायचं म्हणून पायलट लोक कॅमल म्हणायला लागले आणि तेच चिकटलं. त्याआधीचं सॉपविथ स्काउट तर दीड-स्ट्रटरचं (सॉपविथचंच मोठं, दोन सीटचं विमान) पिल्लू वाटायचं म्हणून पप, वरच्या साहेबांना ते आवडलं नव्हतं पण ऐकतंय कोण!

आरई-८ या त्याच काळातल्या ब्रिटिश टेहळणी विमानाला हॅरी टेट म्हणायचे, आर-ई-एट आणि टेट, नुसतं यमक, टेट हा तेव्हाचा लंडनचा विनोदी नट.

सगळ्यात कडू नाव बीई-२ या ब्रिटिश विमानाचं, फोकर फॉडर, म्हणजे फोकरचा (जर्मन लढाऊ विमानाचा) चारा. हे विमान मुद्दाम स्थिर उडावं असं बनवलेलं, त्यामुळे टेहळणीला उत्तम पण मागे फोकर लागलं की झटकन वळताच यायचं नाही, आणि ऑब्झर्व्हर (टेहळणी करणारा) बसायचा पुढच्या सीटवर, चहूबाजूंनी पंख आणि तारा, बंदूक चालवणार कुठून? १९१५-१६ मध्ये पोरं अक्षरशः चाऱ्यासारखी गेली.

आणि आपल्याकडचं राहिलंच की. भारतीय हवाई दल स्थापन झालं १९३२ ला, पण त्याची पहिली तुकडी १९३३ ला सुरू झाली ती चार वापिटी विमानांवर. वापिटी म्हणजे अमेरिकेतलं मोठं हरीण, पण पायलटांनी त्याचं केलं ‘व्हॉट अ पिटी’ :)