लस टोचूनही आंत्रविषाराने कोकरे कशी दगावली?

माळावरचा, निपाणी
नमस्कार. आमच्याकडे चाळीस दख्खनी मेंढ्या आहेत. मृगाच्या पावसानंतर माळावर कोवळे गवत आले, त्याच आठवड्यात कळपाला आंत्रविषाराची, म्हणजे दवाखान्यात कन्नडमध्ये ज्याला ‘करुळु बेने’ म्हणतात त्या रोगाची लस पहिल्यांदाच टोचून घेतली. आठव्या दिवशी दोन महिन्यांची तीन कोकरे, तीही कळपातली सर्वांत गुबगुबीत, पहाटे वाड्यात मान मागे ताठलेल्या अवस्थेत मरून पडलेली आढळली. शवविच्छेदनात मूत्रपिंडे लगद्यासारखी मऊ झालेली होती. मग लसीचा उपयोग काय?

पशुवैद्य, चिकोडी
लस निकामी नव्हती, तिला वेळ मिळाला नाही. क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजन्स हा जिवाणू निरोगी मेंढीच्या आतड्यातही थोडाफार असतो. कोवळा चारा, धान्य किंवा भरपूर दूध एकदम पोटात गेले की तो झपाट्याने वाढतो आणि त्याच्या ‘डी’ प्रकाराचे एप्सिलॉन विष रक्तात उतरून मेंदू व मूत्रपिंडे निकामी करते. त्यामुळेच जास्त दूध ओढणारे जोमदार कोकरू आधी जाते. पांढऱ्या पेशींनी जिवाणू गिळून येथे भागत नाही. विषाला बांधून ठेवणारी प्रतिपिंडे रक्तात आधीच तयार असावी लागतात. पहिल्या डोसनंतर ती जेमतेम दिसू लागायलाच १० ते १४ दिवस जातात, आणि तीही थोडी असून लवकर ओसरतात. दोन-तीन आठवड्यांनी बूस्टर, म्हणजे त्याच लसीचा पुढचा डोस, दिला की पहिल्या डोसची ओळख ठेवणाऱ्या स्मृतिपेशी काही दिवसांतच कितीतरी जास्त प्रतिपिंडे तयार करतात. तो चुकवू नका. पुढच्या वर्षीपासून लस पावसाळ्यापूर्वी, मे महिन्यातच टोचा.

घोंगडीवाला, खानापूर
गाभण मेंढ्यांचे वेगळे गणित आहे. मेंढीच्या वारेतून प्रतिपिंडे गर्भापर्यंत पोहोचत नाहीत, म्हणून कोकरू जवळजवळ रिकाम्या हातांनीच जन्मते आणि त्याची सारी भिस्त चिकावर असते. पहिल्या काही तासांत आतडे ती प्रतिपिंडे जशीच्या तशी शोषते. २४ तासांत ते दार बंद होते. आमच्या घरी वार पडल्याशिवाय पिलाला आचळाला लावत नसत, म्हणजे नेमके तेच तास वाया जात! आता मेंढी विण्याआधी ४ ते ६ आठवडे बूस्टर देतो.

माळावरचा, निपाणी
आभारी आहे. बूस्टरपर्यंत उरलेल्या कोकरांचे काय करावे?

पशुवैद्य, चिकोडी
सकाळी आधी कडबा खाऊ घाला, मगच माळावर सोडा, तेही सुरुवातीला थोडाच वेळ. धान्य सध्या पूर्ण बंद ठेवा.